चांदणीच्या भोकातून

रात्रीच्या फोटोत चेहरा स्पष्ट असेल आणि मागे विजेची माळ असेल, तर माळेतल्या दिव्यांच्या गोल, पारदर्शक चकत्या झालेल्या दिसतात. लग्नाच्या अल्बमपासून दागिन्यांच्या जाहिरातीपर्यंत हे दृश्य आपण इतक्या वेळा पाहिलेलं असतं, की त्या चकत्या गोलच का, हा प्रश्नही पडत नाही. दिवा गोल असतो म्हणून? मुळीच नाही. तांदळाच्या दाण्यासारखा लांबुळका दिवा लावा किंवा चौकोनी, चकती गोलच येते. कारण गोल असतं ते लेन्सचं भोक. काळ्या कागदात चांदणी कापून तो कागद लेन्सच्या तोंडावर बसवला, की माळेतला एकूण एक दिवा चांदणी होऊन फोटोत उतरतो. दिव्याला कोणी हात लावलेला नसतो आणि फोटोवर मागाहून काही चिकटवलेलंही नसतं.

हे होतं कसं ते पाहू. दूरच्या एका दिव्याचे किरण लेन्सच्या सगळ्या अंगावर पडतात. लेन्सचा प्रत्येक भाग आपल्या वाट्याचा किरण वळवून मागे सेन्सरकडे पाठवतो. फोकस त्या दिव्यावर असेल तर सगळे किरण सेन्सरवर एकाच बिंदूत मिळतात. पण आपण फोकस ठेवलाय जवळच्या चेहऱ्यावर. मग दूरच्या दिव्याचे किरण सेन्सरच्या अलीकडेच एकत्र येतात, एकमेकांना ओलांडतात आणि पुन्हा फाकतात. सेन्सरवर पडतो तो फाकलेल्या किरणांचा डाग. भोकाच्या काठाने आलेला किरण डागाच्या काठावर, मधून आलेला मध्यावर. म्हणजे भोकाचा जो आकार, तोच डागाचा. छायाचित्रकार या धूसरपणाला ‘बोके’ म्हणतात. शब्द मूळचा जपानी, आणि १९९७ साली ‘फोटो टेक्निक्स’ या अमेरिकी नियतकालिकाच्या माइक जॉन्स्टन या संपादकाने तो इंग्रजी वाचकांत रुळवला.

शाळेत आपण जे शिकलो ते याच्या नेमकं उलट वाटेल. झाडाखाली पानांच्या फटीतून उन्हाचे कवडसे पडतात. फटी वेड्यावाकड्या असतात, कवडसे मात्र गोल, कारण ती सूर्याची प्रतिमा असते. २६ डिसेंबर २०१९ला महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसलं, तेव्हा ज्यांनी आकाशाऐवजी झाडाखालच्या जमिनीकडे पाहिलं त्यांना तिथे चंद्रकोरींचा सडा दिसला असेल. तिथे भोक बारीक आणि उगम मोठा, म्हणून चित्र उगमाचं येतं. आपल्या फोटोत उगम बारीक आणि भोक मोठं, म्हणून चित्र भोकाचं येतं. नियम एकच आहे, दोघांपैकी मोठा कोण एवढाच फरक.

यावरून पहिला व्यावहारिक निकाल लागतो. आकार हवा असेल तर मागचा दिवा बिंदूसारखा लहान हवा. एलईडीची बारीक माळ उत्तम. आकाशकंदील कितीही सुंदर असला तरी इथे बाद, कारण हातभर कंदिलाचा नुसता रंगीत ढग होतो, चांदणी होत नाही. ट्यूबलाइट, दुकानाच्या पाट्या, खिडक्यांचे चौकोन यांचीही तीच गत.

लेन्समध्ये हवं ते भोक बसवण्याची युक्ती नवी नाही. योसेफ पेत्सवाल यांनी १८४० साली व्हिएन्नात चेहऱ्यांसाठी खास लेन्स तयार केली. तिच्यामुळे व्यक्तिचित्रासाठी लागणारा कित्येक मिनिटांचा वेळ सेकंदांवर आला. पुढे १८५८मध्ये इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या जॉन वॉटरहाउस यांनी वेगवेगळ्या मापांची भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या केल्या. लेन्सच्या नळीला खाच ठेवायची आणि हवी ती पट्टी तिच्यात सरकवायची. त्यांचा हेतू उजेड कमी-जास्त करण्याचा होता, शोभेचा नव्हे. २०१३मध्ये लोमोग्राफी कंपनीने पेत्सवालची लेन्स नव्याने काढली, तेव्हा वॉटरहाउसच्या पट्ट्याही परत आल्या आणि त्यात चांदणीच्या भोकाची पट्टीही होती. आपला काळा पुठ्ठा म्हणजे याच पट्टीचा बिनखर्चाचा भाऊ. आजच्या लेन्समध्ये पट्टीच्या जागी सरकती पाती असतात, आणि तीही आपला आकार सोडून जातात. कॅननच्या १९९० सालच्या स्वस्त ५० मिलिमीटर लेन्समध्ये पाच पाती होती. भोक जरा आवळलं की दिव्यांचे पंचकोन व्हायचे. २०१५च्या आवृत्तीत गोलसर काठांची सात पाती आली आणि पंचकोन बरेचसे गेले.

आता माप. लेन्सवर एफ १.८ असा आकडा लिहिलेला असतो. केंद्रांतराला त्याने भागलं की भोकाचा व्यास मिळतो. ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स म्हणजे सुमारे २८ मिलिमीटरचं भोक. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, तेव्हा खिशातलं नाणं काढून पाहिलंत तरी अंदाज येईल. आणि यातली खरी गंमत पुढे आहे. मागचा दिवा खूप दूर असेल, तर त्याची चकती फोटोत चेहऱ्याशेजारी बरोबर भोकाएवढीच दिसते. म्हणजे नाण्याएवढं भोक असेल तर कुणीतरी गालाशेजारी दहाचं नाणं धरलंय एवढीच चकती, ना मोठी ना लहान. पंधरा मिलिमीटरची चांदणी कापलीत तर चेहऱ्याशेजारी पंधरा मिलिमीटरची, म्हणजे साधारण मोठ्या टिकलीएवढी चांदणी. दूरच्या दिव्याचे किरण जवळजवळ समांतर येतात. चेहऱ्याच्या रेषेतून जाताना त्यांचा झोत जेवढा रुंद असतो, तेवढाच भोकात शिरतो. यात लेन्सचं केंद्रांतर कुठेच येत नाही, निव्वळ भूमिती आहे.

दिवे जवळ आले की हे माप घटतं. चेहरा कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर आणि माळ सहा मीटरवर असेल, तर पंधराची चांदणी सव्वाअकरा मिलिमीटरची दिसते. माळ तीन मीटरवर आणली तर साडेसात. आणि माळ चेहऱ्याला लागूनच असेल तर शून्य. आपल्याकडच्या दिवाळीच्या फोटोंचं घोडं नेमकं इथेच पेंड खातं. माळ बांधलेली असते गॅलरीच्या ग्रिलला आणि माणूस उभा केला जातो त्याच ग्रिलला टेकून. चार फुटी गॅलरीत दुसरी जागाच नसते म्हणा! पण मग ठिपके ठिपकेच राहतात आणि दोष लेन्सला दिला जातो. अशा घरात आपली माळ विसरायची आणि समोरच्या सोसायटीच्या माळा पार्श्वभूमीला घ्यायच्या. त्या लांब असतात, आयत्या असतात आणि वीजबिल त्यांचं. गच्ची मिळाली तर प्रश्नच मिटला. माणूस कॅमेऱ्याजवळ, माळ पलीकडच्या कठड्यावर. चांदण्या मोठ्या हव्या असतील तर कॅमेरा चेहऱ्याजवळ न्या आणि चौकट आवळा. चौकटीत चेहरा मोठा झाला की शेजारची चांदणीही त्याच पटीत मोठी होते.

फार दाटी मात्र नको. वरच्याच मापात, सहा मीटरवरच्या माळेजवळ प्रत्येक चांदणी साडेचार सेंटिमीटर जागा व्यापते. दोन दिव्यांतलं अंतर त्याहून कमी असेल तर चांदण्या एकमेकींवर चढतात आणि कोणतीच धड दिसत नाही. एकेरी, सैल सोडलेली माळ चालते. पडद्यासारख्या घट्ट झालरी चालत नाहीत.

कागद कापणं हे खरं हातकाम. स्टेशनरीच्या दुकानातला काळा, जाड कार्डशीट घ्या, दोन्ही बाजूंनी काळा. लेन्सच्या तोंडाएवढी चकती कापा, बरोबर मध्यावर पेन्सिलने चांदणी काढा आणि नव्या पात्याच्या कटरने टोकाकडून आतल्या कोपऱ्याकडे कापत या. कात्रीने हे जमत नाही, कोपरे फाटतात. कापून झालं की कागद उजेडाकडे धरून पाहा. कागदाचे बारीक तंतू टोकांपाशी लोंबत असतात. हातात ते नगण्य वाटतात, पण भोकात जे आहे ते प्रत्येक दिव्यात उतरतं. एक तंतू राहिला तर फोटोतल्या झाडून सगळ्या चांदण्यांना त्याच जागी तसंच कुसळ दिसेल. ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी हस्तकलेच्या दुकानातून आकाराचा पंच आणावा. बदाम, चांदणी, फुलपाखरू एका दाबात स्वच्छ कापून निघतात. पंच मात्र वीस मिलिमीटरच्या आतलाच घ्या. भोक लेन्सच्या मूळ भोकाहून मोठं झालं की चांदणीची टोकं लेन्सचा काठ खाऊन टाकतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ची झूम लेन्स ५५ मिलिमीटरला एफ ५.६ असते, म्हणजे तिचं भोकच जेमतेम दहा मिलिमीटर. त्यात चांदणी मावते, पण नखाएवढी.

चकती लेन्सला भिडवूनच बसवा, काळ्या पट्टीची एक कड तिला लावली की टोपणासारखी घट्ट बसते. काचेपासून पुढे राहिली तर चौकटीचे कोपरे काळे पडतात. अक्षर कापायचं असेल तर ते कॅमेऱ्यामागून, म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या बाजूने, सुलट वाचता आलं पाहिजे. समोरच्याला ते उलटं दिसेल, दिसू द्या. शिवाय व, ब, ठ यांच्या पोटातला कागद गळून पडतो. र, ग, त ही मंडळी सोयीची. आणखी एक मजेची गोष्ट अशी की, चेहऱ्याच्या मागचे दिवे सुलट आकार देतात, तर चेहऱ्याच्या पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला असलेले दिवे तोच आकार उलटा, डोकं खाली करून देतात. त्यांचे किरण सेन्सरपर्यंत एकमेकांना ओलांडतच नाहीत. बदाम कापून माळेचं एक टोक कॅमेऱ्याजवळ आणि दुसरं चेहऱ्यामागे ठेवलं, तर एकाच फोटोत दोन्ही दिसतात. जे फोकसमध्ये आहे त्याला कशाचाच उपद्रव नाही. नथीतला मोती मोतीच राहतो, डोळ्यातली चमक चमकच राहते.

एवढं जमलं की बहुतेकांचा पहिला फोटो असा येतो: मागे झगझगीत चांदण्या आणि पुढे काळाठिक्कर चेहरा. याचं कारण ध्यानात घेण्यासारखं आहे. पंधरा मिलिमीटरच्या वर्तुळात बसणारी पाच टोकांची चांदणी त्या वर्तुळाच्या जेमतेम ३६ टक्के जागा मोकळी ठेवते. २८ मिलिमीटरच्या उघड्या भोकाशी तुलना केली तर सेन्सरवर येणारा उजेड दहाव्या हिश्श्यावर उतरतो. लेन्सवर आकडा १.८चाच दिसतो, प्रत्यक्षात काम ५.६चं होतं. चेहरा दहापट काळवंडतो. चांदण्या मात्र पूर्वीच्या गोल चकत्यांइतक्याच तेजस्वी राहतात! भोक लहान झालं तसा दिव्याचा उजेड कमी आला, पण तो ज्या डागावर पसरायचा तो डागही त्याच प्रमाणात लहान झाला. भागाकार तेवढाच. म्हणून चेहरा उजळावा यासाठी शटर जास्त वेळ उघडं ठेवलं किंवा आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, चढवला, तर चेहऱ्याबरोबर चांदण्याही भडकतात, त्यांचा रंग उडून त्या पांढऱ्याफटक होतात. उपाय एकच. कॅमेरा चांदण्यांच्या मापाने लावायचा आणि चेहऱ्यावर वेगळा उजेड टाकायचा.

हातात पणती धरून काढलेला फोटो सगळ्यांनाच हवा असतो, म्हणून तिचा हिशेब सांगतो. ज्योत साधारण एका मेणबत्तीएवढा उजेड देते. चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर पणती असेल आणि आयएसओ १६०० असेल, तर उघड्या एफ १.८ला १/२० सेकंद पुरतो. सांभाळून बसलं तर हात आणि माणूस तेवढा वेळ स्थिर राहतो. चांदणीची चकती लावली की तोच वेळ अर्धा सेकंद होतो. अर्धा सेकंद लहान मूल तर सोडाच, आजीही स्थिर राहत नाही. तेव्हा पणती शोभेला ठेवा आणि खऱ्या उजेडासाठी तिच्या मागे एक छोटा एलईडी दिवा लपवा. दुसऱ्या फोनचा टॉर्चही चालतो, फक्त त्यावर बटर पेपरची दुहेरी घडी आणि मिठाईच्या खोक्यावर असतो तसा केशरी जिलेटिनचा तुकडा लावा. टॉर्चचा उजेड निळसर पांढरा असतो आणि माळेचा पिवळा. जिलेटिन नसेल तर चेहरा दवाखान्यातला वाटतो. दिवा नाकासमोर नको. जरा वरून आणि एका बाजूने आला की चेहऱ्याला उठाव येतो. फ्लॅश असेल तर तोही असाच कॅमेऱ्यापासून काढून, बाजूने, अगदी कमी जोरावर. फ्लॅशचा लखलखाट मागच्या माळेपर्यंत पोचत नाही, त्यामुळे चांदण्यांचं तेज शटरच्या वेळेवर आणि चेहऱ्याचं फ्लॅशच्या जोरावर, असं दोघांचं वेगवेगळं नियंत्रण हातात राहतं. पदर आणि ओढणी पणतीपासून लांब ठेवा, हे सांगायला नको, पण फोटोच्या नादात तेच विसरतं.

शटर १/५० सेकंदावर ठेवून सुरुवात करावी. त्याला कारण आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, आणि स्वस्त माळा तिच्या तालावर सेकंदाला ५० किंवा १०० वेळा विझून पेटतात. डोळ्याला ते कळत नाही. शटर १/२५० केलं तर काही दिवे फोटोत मंद येतात, काही येतच नाहीत. १/५०मध्ये पूर्ण आवर्तन बसतं. माळेच्या वायरीवर जी छोटी डबी असते तिचं बटण दाबत दाबत धावते, लुकलुकते प्रकार टाळून स्थिर प्रकारावर आणा. फोकससाठीही चकतीवर विसंबू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांची स्वयंचलित फोकसची यंत्रणा लेन्सच्या कडेकडून येणाऱ्या किरणांवर चालते, आणि नेमक्या त्याच कडा आपण झाकलेल्या असतात. आधी चकतीविना जवळच्या डोळ्यावर फोकस धरा, मग फोकस हाताने चालवण्यावर टाका आणि चकती बसवा. त्यानंतर ना तुम्ही हलायचं ना समोरच्याने.

मग फोनवर हे होतं का? भोकाच्या मापानेच उत्तर मिळतं. बहुतेक चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं भोक तीन-चार मिलिमीटरचं असतं. म्हणजे चेहऱ्याशेजारी फार तर तेवढीच इवलीशी चकती. म्हणूनच कंपन्यांनी धूसरपणा गणिताने घडवायला सुरुवात केली, आणि २०१६च्या आयफोन सेव्हन प्लसनंतर ते सर्रास झालं. चेहरा कुठला आणि मागचं कुठलं हे सॉफ्टवेअर ठरवतं आणि मागचं पुसट करतं. गोलाऐवजी बदाम लावणं त्याला अवघड नाही, आणि तसं करून देणारी अ‍ॅप आहेतही. पण दिव्यांच्या बाबतीत ही नक्कल कच्ची पडते. फोटोत दिवा पांढरा पडला की तो मुळात किती तेजस्वी होता ही माहिती हरवते, आणि तो उरलासुरला पांढरेपणा पसरवल्यावर बदाम मळकट दिसतात. कुरळे केस आणि चष्म्याच्या काड्या यांचे हाल वेगळेच. खऱ्या लेन्सला केस मोजावे लागत नाहीत. कामचलाऊ जुना कॅमेरा आणि जुनी ५० मिलिमीटर लेन्स या एका कामात महागड्या फोनला आजही मागे टाकते.

माळा घ्यायला मुंबईत लोहार चाळ आणि पुण्यात तपकीर गल्ली आहेच, पण उत्तम पार्श्वभूमी फुकट मिळते. दादरला शिवाजी पार्कभोवतीच्या झाडांवरची रोषणाई झाडाच्या उंचीवर असते. माणूस खाली आणि दिवे लांब वर, हे अंतर घरात मिळत नाही. नाताळात गिरगावातल्या खोताच्या वाडीत गल्ली अरुंद असली तरी लांबी भरपूर असते, तेव्हा गल्लीच्या लांबीत उभं राहून फोटो घ्यावा. पणजीचं इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च ८ डिसेंबरच्या फेस्ताला आणि पुढे नाताळाला दिव्यांनी सजतं, आणि ते टेकाडावर, नागमोडी पायऱ्यांच्या वर असल्याने खालच्या चौकातून आपसूक हवं तेवढं अंतर पडतं. आणि विजेच्या माळांचा कंटाळा आला असेल तर त्रिपुरी पौर्णिमेला देवळाची दीपमाळ पाहा. उंच दगडी खांबावर कोनाकोनात तेवणाऱ्या ज्योती, एकेक सुटी, पुरेशा अंतरावर. लांबून पाहिल्या तर बिंदूसारख्या, शिवाय वाऱ्याने हलल्या तरी फोटोत चांदणीचा आकार मोडत नाही, कारण तो ज्योतीचा नसतोच.

आकारांचा सोस मात्र आवरा. चांदणी आणि चंद्रकोर रात्रीला शोभतात. बदाम साखरपुड्याच्या एका फोटोपुरता ठीक. फुलपाखरं, मांजरं, संगीताची चिन्हं ही बघणाऱ्याची नजर चेहऱ्यावरून खेचून घेतात, आणि मग ते व्यक्तिचित्र उरत नाही, पुठ्ठ्याची करामत उरते. प्रत्येक बैठकीत चकती काढून एक फोटो साध्या गोल ठिपक्यांचाही घ्या. अल्बममध्ये टिकणारा बहुधा तोच असतो. आणि लक्ष्मीपूजन झालं म्हणून माळा घाईने उतरवू नका. त्रिपुरी पौर्णिमा तिथून पंधरा दिवसांवर असते, तेवढ्यात सराव होतो.